पेटीवरचं गाठोडं

मंगरूळपीरच्या बाजारपेठेत माझं दुकान आहे. वह्या, शाई, टाक, राखीपौर्णिमेच्या आधी राख्या, आणि मागच्या फळीवर भाड्यानं द्यायची पुस्तकं. दुकान म्हणजे थोरला भाऊ फूलचंद याच्या कपड्याच्या दुकानाचा एक कोपरा. त्याच्या गादीवर मी टिकलो नाही, म्हणून हा कोपरा मला काढून दिला. मी गिऱ्हाइकाशी भांडतो, असं त्याचं म्हणणं. भांडतोच. ज्याला निळी शाई हवी की काळी हे दुकानात आल्यावरही ठाऊक नसतं, त्याच्याशी गोड कशाला बोलायचं?

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. आमच्या जैनांच्या घरात सूर्य बुडायच्या आत जेवणं उरकतात. मग भाऊ आपल्या खोलीत जातो, मुलं आपल्या कोपऱ्यात जातात, सूरजबाई वहिनी चूल सारवून माळ घेऊन बसतात, आणि माझ्यापुढं अख्खी संध्याकाळ आ वासून उभी राहते. इतर लोकांच्या घरी एकट्या माणसाला निदान रात्रीच्या जेवणाची वाट पाहता येते. मला तेही नाही.

म्हणून मला सिनेमा फार आवडायचा. दर्ग्याच्या उरुसात टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. एकच मशीन. एक रीळ संपलं की दिवा लागायचा, ऑपरेटर डबा बदलायचा, तोवर लोक शेंगा खायचे. मधोमध दोरी, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू होत नसे आणि मला तर अंधारच घालवायचा असे, त्यामुळे आमचं छान जमायचं.

त्या तंबूत मी आकाशवीरचे सिनेमे पाहिले. बहात्तरच्या उरुसात पहिला, पुढच्या वर्षी दुसरा, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. तोवर मुंबईत ते जुने झालेले असणार. आमच्याकडे सगळं उशिरा येतं. आकाशवीर नावाचा छाती काढून चालणारा एक माणूस मंगळावर जातो आणि तिथल्या लोखंडी राक्षसांना बुक्क्यांनी लोळवतो. राक्षसाच्या पाठीला पँटीसारखी चेन दिसायची. कुणाला काही वाटायचं नाही. मंगळावर शिंपी नसतील कशावरून?

पहिल्या सिनेमात एक रेडिओवाला होता, हरनाम. मोठं काम नव्हतं त्याचं. पण राक्षसांनी घेरल्यावर कुणीतरी मागं राहून रेडिओ चालू ठेवणं भाग पडतं, नाहीतर यानाला वाट सापडणार नाही. हरनाम राहतो. आकाशवीर त्याला सलाम ठोकतो आणि उडून जातो. मला वाटलं, संपलं. पण दिवा लागून पुन्हा विझला आणि आणखी एक रीळ सुरू झालं. त्यात हरनाम आपल्या घरी चुलीपुढं जेवायला बसला होता. म्हातारी आई वाढत होती. एकमेकांशी फारसं बोलत नव्हते. दाराशी दोरीनं बांधलेली लोखंडी पेटी होती आणि पेटीवर फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. तंबूत टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. इतकं समाधान मला लग्नाच्या जेवणात होत नाही.

आता पंचफुला. ती किन्हीराजाच्या दवाखान्यात नर्स होती. वय पस्तिशीच्या आसपास, अंगानं बारीक, आवाज खणखणीत. बाजाराच्या दिवशी शेलूबाजारावरून येणाऱ्या गाडीनं यायची, बाजार करायची आणि परतीच्या गाडीला वेळ असला की माझ्या ओट्यावरच्या स्टुलावर बसून पुस्तकं चाळायची. बौद्धांच्या घरची म्हणून सूरजबाई वहिनींनी तिच्यासाठी कप वेगळा ठेवला होता. तो वेगळा आहे हे मला दिसत होतं आणि तिलाही दिसत होतं. तिनं त्या कपातून चहा कधी घेतला नाही. "दवाखान्यातून पिऊन आली," म्हणायची. तिथून निघाल्याला दोन तास झालेले असायचे.

अकोल्याहून येणाऱ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एकदा 'हरनाम की चौकी' नावाची पॉकेट बुकं आली. हिंदी, पिवळट कागद, वरच्या चित्रात एक माणूस कानाला रेडिओ लावून बसलेला. आकाशवीर चालला म्हणून कुणीतरी त्याला शेपूट जोडलं होतं. सहा भाग निघाले. पंचफुलानं पहिला नेला आणि पुढच्या बाजाराला येऊन दुसरा मागितला.

"त्यात काय असते वाचाले?" मी म्हणालो. "तो तिथं राह्यते, पुढं घरी येते. मी सिनेमात पाह्यलं."

ती उठत होती ती पुन्हा बसली. "घरी येते?"

"मंग! माय वाढून देते त्याले. मी या डोळ्यांनं पाह्यलं."

"पुस्तकात तर तो तिथंच हाय. रोज रेडिओवर सांगते का चौकी चालू हाय."

"पुस्तकवाल्याले भाग काढाचे हायत. तो घरी आला त् याचं दुकान बंद."

"आन् दुसऱ्या सिनेमात हाय काय तो?"

"नाई."

"काहून नाई?"

"अवं, घरी आला. लगन करून शेती करत असन. आता कायले मंगळावर जाते?"

"त्याइले त्याची याद राह्यली नाई," ती म्हणाली. "सिनेमावाले विसरले त्याले. त्या बिचाऱ्या पुस्तकवाल्यानंच याद ठेवली."

तिथून आमचं जुंपलं ते जुंपलंच. सिनेमा सरस की त्याच्या उष्ट्यावर वाढलेली पुस्तकं? दर बाजाराला तेच. मी म्हणायचो, मंगळ पाहावा पडद्यावर, पुस्तकात काय, तांबडी माती लिहिली की झालं. ती म्हणायची, पडद्यावरचा मंगळ तर तुमच्या खदानीसारखाच दिसत असेल. (दिसायचाच. पण मी कबूल केलं नाही.) ती म्हणायची, आकाशवीर एका राक्षसाला मारायला अर्धा तास घेतो, पण मागं राहिलेल्या माणसाला पहिल्या रात्री काय वाटलं हे कोण दाखवतं? पुस्तकवाल्यानं त्या एका रात्रीवर अख्खं पुस्तक लिहिलंय. मी म्हणायचो, एका रात्रीवर अख्खं पुस्तक वाचायला मला वेळ नाही. हे तर धादांत खोटं होतं. मला वेळेशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

ती सगळी पुस्तकं माझ्याच फळीवर होती, पण मी एकही उघडलं नाही. वाचलं असतं आणि आवडलं असतं तर? मग कशावर भांडायचं? आठवड्यातल्या इतर दिवशी माझ्याशी लोक शाईबद्दल बोलत.

भांडण कुठूनही निघो, शेवटी ती मला तोच शेवट सांगायला लावायची. "आन् मंग तो जेवाले बसते?" मी सांगायचो. चूल, म्हातारी, दाराशी पेटी.

"पेटीवर गाठोडं हाय ना?" ती हमखास विचारायची.

"हाय ना. मायसाठी आनलं असन मंगळावरून काई."

"मंगळावरून काय आनते?"

"मले काय मालूम? माती आनली असन."

ती हसायची आणि गाडीकडे जायची. मला वाटायचं, हिचा विश्वास बसत नाही म्हणून ती खोदून विचारते. म्हणून मी आणखी छातीठोकपणे सांगायचो.

तिच्या भावाचं मला पुष्कळ उशिरा कळलं. जानराव त्याचं नाव. फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. मेला असं सरकारनं कळवलं नाही आणि आहे असंही नाही. हे तिनं मला एकदा पिशवीत वांगी भरता भरता सांगितलं. "माय म्हणते, येईन. मी काय म्हणू?" एवढंच म्हणाली आणि चौथा भाग घेऊन गेली.

त्या दिवसापासून मला तिच्याशी भांडताना वेगळंच वाटू लागलं. हरनाम घरी आला हे आता नुसतं वादात जिंकण्यापुरतं राहिलं नव्हतं. ती पोर इतक्या लांबून येते, स्टुलावर बसते आणि एक माणूस तिला सांगतो की मागं राहिलेला परत आला. दुसरं कोण सांगणार होतं तिला? मला स्वतःचं थोडं महत्त्व वाटू लागलं, खोटं कशाला बोलू.

शहात्तरच्या उरुसाला तंबूवाल्यांनी पुन्हा पहिला आकाशवीर आणला. पंचफुलानं पाटी वाचली आणि थेट दुकानात आली.

"शेटजी, यंदा मी पाहाले येतो. हिरीबाईकडं मुक्काम करतो." हिरीबाई म्हणजे इथल्या दवाखान्यातली दाई. एरवी पंचफुलाची शेवटची गाडी खेळाच्या आधीच सुटायची, म्हणून तिनं तंबू आतून कधी पाहिलाच नव्हता.

"या ना," मी म्हणालो. "तुमची पुस्तकं मंग घरी ठेवा."

"पाहू," ती म्हणाली. पण बोलताना तिचा हात पिशवीच्या बंदाला पीळ घालत होता. मला कळलं, ही राक्षस पाहायला येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॉकीजचा ऑपरेटर उदयसिंग डब्यांवर चिकटवायला कागद आणि डिंक घ्यायला आला. दरवर्षी यायचा. मी सहज म्हणालो, "उदयसिंग, ते शेवटचं रीळ नीट दाखव बरं. हरनाम घरी येते ते."

तो खो खो हसायला लागला. "सेठ, वो आखरी रीळ कहाँ! वो तो दोन नंबर हाय. त्या साली दोन नंबरचा डबा गाडीत मागं राह्यला होता. तो येता येता रात झाली. म्या तीन नंबरपासून पुढं चालवलं आन् डबा आल्यावर दोन नंबर शेवटी लावलं. न लावून कसं चालन? लोक पैसे वापस मागतात, सगळे डबे दाखवा म्हनतात. ते तर तो मंगळावर जायाच्या आधीचं हाय!"

मी डिंकाची बाटली देत होतो ती तशीच हातात राहिली. म्हणजे म्हातारी त्याला वाढत होती ती शेवटचं. आणि मी तीन वर्षं पंचफुलाला सांगत होतो की तो आला.

त्या दिवशी संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. वहिनींनी विचारलं, पोट बिघडलं का? हो म्हणालो. उद्या ती तंबूत बसेल, सिनेमाच्या सुरुवातीलाच ते जेवण येईल, पुढं हरनाम मागं राहील, यान उडेल आणि दिवे लागतील. मग दोरीपलीकडून ती माझ्याकडे पाहील. तिला आधीच सांगून टाकावं असंही मनात आलं. पण दुसऱ्या दिवशी ती बाजारात दिसली तेव्हा मी तिला रामराम करून दुसऱ्या गल्लीत शिरलो. नको ते तोंडानं सांगण्यापेक्षा मला दुसरी युक्ती सुचली होती.

मी तंबूत जाऊन उदयसिंगला गाठलं. म्हणालो, त्या साली लावलं तसंच लाव. दोन नंबर शेवटी.

"काहून?"

"लाव म्हनतो ना. उरूस संपेपर्यंत माझ्या दुकानातलं पायजे ते पुस्तक फुकट ने."

उदयसिंगला गुप्तहेरांची पुस्तकं फार प्रिय. त्यानं मान डोलावली. म्हणाला, लोकांना काय, मारामारी झाल्याशी मतलब.

खेळाला मी दोरीजवळची जागा धरली. पलीकडे पंचफुला हिरीबाईशेजारी बसली होती, धुतलेलं पांढरं लुगडं, केसाला तेल. राक्षस आले, बुक्क्या झाल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. हरनाम मागं राहिला तेव्हा ती हलली नाही. यान उडालं. दिवा लागला. उदयसिंगनं डबा हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. दिवा विझला.

मी पडदा पाहिलाच नाही. मी तिच्याकडे पाहत होतो. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. हरनाम जेवायला बसला असणार, कारण ती पुढं झुकली. मग पेटी दिसली असणार. तिनं पदर तोंडावर दाबला आणि रीळ संपायच्या आत उठून बाहेर गेली. हिरीबाई तिच्या मागं धावली. टाळ्या पडत होत्या. मला वाटलं, आनंदानं रडली. मी त्या रात्री घरी आलो तो स्वतःवर इतका खूश होतो की झोप लागेना.

पुढच्या बाजाराला ती आली नाही. त्याच्या पुढच्या बाजाराला आली. स्टुलावर बसली, पिशवीतून सहावा भाग काढून माझ्यापुढं ठेवला.

"मंग?" मी म्हणालो. "कोन जिंकलं?"

"शेटजी," ती म्हणाली, "त्या पेटीवर शिदोरी होती."

मी भाड्याची वही उघडली.

"घरी आलेल्या मानसाच्या पेटीवर शिदोरी नसते. आमच्या जानरावच्या पेटीवर मायनं अशीच बांधून ठेवली होती, त्याच गाठीनं. आन् पह्यल्या पुस्तकाचं पह्यलं पान बी तेच हाय. माय वाढते, दाराशी पेटी, वर शिदोरी. तो निंगून राह्यला तवाचं. तुमी पह्यल्यांदा सांगतलं तवाच मले समजलं का तुमच्या तंबूवाल्यानं रीळ उलटं लावलं."

"तीन साल? मंग मले सांगतलं काहून नाई?"

"कायले सांगू? दर बाजाराले तुमी त्याले घरी आनत होते."

मी म्हणालो, "मीच लावाले सांगतलं यंदा तसं. तुमच्यासाठी."

"मालूम हाय. त्यानं तुमच्याकडं पाह्यलं, तुमी मान हालवली. मले दिसलं." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. "तुमी वाईट नाई केलं. मीच पाहाले जाले नाई पायजे होतं. वाटलं, मानूस इतकं छातीठोक सांगते, एखाद्या वेळी खरंच येत असन. तुमी सांगत होते तवरी तो येत होता. आता मी पाह्यलं. तो तर घरून जाऊन राह्यला."

बाजारात कुणीतरी कांद्यांचा ढीग मोजत ओरडत होतं. मी पुस्तक उचलून फळीवर ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. मी माझ्या बायकोच्या वेळीसुद्धा कुणासमोर रडलो नाही, तेव्हा इथं रडण्याचा प्रश्न नव्हता.

"सातवा भाग आला काय?" तिनं विचारलं.

"नाई. अकोलेवाला म्हनते, छापनं बंद झालं."

"असं." तिनं रस्त्याकडे पाहिलं. गाडीला अजून अवकाश होता. मग म्हणाली, "सांगा बरं, शेटजी, एक डाव."

"काय?"

"तेच. शेवटचं."

मी सांगायला लागलो. चूल पेटलेली आहे. म्हातारी ताट वाढते. तो जेवतो, काही बोलत नाही, दमलेला आहे. तीन वर्षं जे तोंडपाठ म्हणत होतो ते आता सरकेना. दाराशी पेटी आहे, म्हणालो.

"पेटीवर काय हाय?"

खोटं बोलू नये हे आमच्याकडे लहानपणापासून घोकून घेतात. मी तिच्याकडे पाहिलं.

"काईच नाई," मी म्हणालो. "पेटीवर काई नाई."

ती पिशवी उचलून उभी राहिली.

"मंग आलाच म्हनाव," ती म्हणाली, आणि गाडीकडे गेली.

उन्हाळ्यात तिची बदली अनसिंगला झाली. हे मला हिरीबाईकडून कळलं. पंचफुला निरोप घ्यायला आली नाही, आणि मी तरी कोण लागून गेलो होतो की तिनं यावं? अनसिंगहून इकडे बाजाराला येण्याचं काही कारण नाही.

त्या उन्हाळ्यात दुपारी दुकानात चिटपाखरू नसे. मी 'हरनाम की चौकी' काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. म्हातारी वाढते, दाराशी पेटी, वर शिदोरी. सहाही भाग वाचले. एका रात्रीवरचं ते अख्खं पुस्तक तर दोनदा वाचलं; त्यात तो माणूस रात्रभर काही करत नाही, नुसता बोलायला कुणी नाही म्हणून रेडिओच्या खुंट्या फिरवत बसतो, आणि मला वाटलं हे लिहिणाऱ्यानं आमचं घर बघितलंय की काय. आकाशवीरचे तिन्ही सिनेमे त्याच्यापुढं पाणी भरतील. तिचंच खरं होतं, अगदी पहिल्या दिवसापासून. बाजाराच्या दिवशी मी अजून स्टूल ओट्यावर काढून ठेवतो. मी हरलो, एवढं तिला सांगायचं आहे.